भाग पहिला

रात्रपाळीला रक्तपेढीतले फ्रिज गुणगुणतात,
सहा अंशांच्या आत, एकाच सुरात.
दोन वाजता मी नोंदवही मिटते
आणि तिच्याखालची दुसरी वही काढते.

प्रकाशक थेटे म्हणाले, मॅडम, मालिकाच करा,
निदान पाच भाग. हल्ली पोरी
रक्त पिणाऱ्या नायकांवर जीव टाकतात,
आणि रक्त तर तुमच्या हाताखालीच आहे.

आधी शब्दच मिळेना.
पिशाच्च म्हटलं की पिंपळ आला, उलटे पाय आले,
लिंबू-मिरची आली, प्रेमाला जागा उरेना.
शेवटी व्हॅम्पायर असंच लिहिलं.
त्याचं नाव गदाधर. थेटे फोनवर हसले.
हसू देत. तीनशे वर्षांपूर्वी
कुणी पोराचं नाव आर्यन ठेवत नसे.
ती अजून बिननावाची आहे.
कुठलंही नाव दिलं तरी माझ्याच वळणावर जाते.

आता हा नाशकात जगणार कसा?
लसूण: मिसळीच्या तर्रीत,
आमच्या खैरनारबाईंच्या ठेच्यात तर इतका
की गल्लीच्या तोंडाशीच आटोपेल बिचारा.
आरसा: पंचवटी कारंज्याजवळ ती बांगड्या भरते,
खांद्यामागे तो उभा,
आरशात नुसता दुकानाचा पंखा.
आणि वाहतं पाणी. ते याला ओलांडता येत नाही म्हणे.
हा तीनशे वर्षं पंचवटीच्या काठाला,
ती अशोक स्तंभापाशी, तिसऱ्या मजल्यावर,
मधे गोदावरी.

इथे मी आठवडाभर अडले.
मग त्याच्या खिशात पेपरातलं एक कात्रण ठेवलं,
धरणाच्या आवर्तनाचं वेळापत्रक.
मे महिन्यात असे काही दिवस असतात
की पाणी वाहत नाही, नुसतं असतं.
अशा एका रात्री तो पूल चालत आला,
तीन जिने चढला, बेल वाजवली.

बोलावल्याशिवाय त्याला आत येता येत नाही.
हा नियम ज्याने केला
त्याला मराठी येत नसावं.
कारण दार उघडून ती म्हणणार काय?
या?
वयाचा मान आहे, तीन शतकांचा.
की ये?
मधे अंतर म्हणाल तर
एक काना, एक मात्रा.

ती म्हणते, या.
तो चपला काढतो, खुर्चीच्या कडेवर बसतो,
पाणी नको म्हणतो.
ये म्हणायला तिला पुढचे चार भाग लागतील.
थेट्यांना हे अजून सांगितलेलं नाही.

फोन. त्र्यंबक नाक्यावरून, ओ निगेटिव्ह, दोन पिशव्या, लगेच.
लेबल तपासते, सही घेते.
एकाच्या अंगातून निघालेलं, दुसऱ्याच्या अंगात जाणारं,
मधे थोडा वेळ माझ्याकडे.
दवाखान्याचा कारभारी बोडके खोका उचलतो.
येतो ताई, म्हणतो.

आपल्यात जातो म्हणत नाहीत.
सुधन्वाही येतोच म्हणाला होता.
हेल्मेट विसरलं म्हणून जिन्यातून परत फिरला,
शोधलं, सापडेना, राहू दे म्हणाला,
आणि पुन्हा एकदा, येतो.
दोनदा म्हणाला.

वही उघडीच आहे.
गदाधर खुर्चीच्या कडेवर तसाच,
चहा न घेता, हात गुडघ्यांवर.
उजाडायच्या आत त्याला निघायला हवं.
तो दारापर्यंत जातो, वळतो,
तोच शब्द त्याच्या ओठांवर आलाय.
मी पेन उचलून धरते बराच वेळ.

म्हणू देते.
हा येईलही.
याला मरण नाही, माझ्याच अक्षरात लिहिलंय तसं
पान चारवर.

फ्रिज नंबर दोन, चार अंश. नोंद केली.
चहावाला पाचला येतो.